आईचा दगड आणि चारचं जहाज

बोगल्स, कॅरियाकू
८ जानेवारी १९९६

चि. कॅन्यूट यास,
थिओडोराचे अ. आ. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र काल हाती पडलं आणि वाचून मी तिथेच पायरीवर बसले. आपली चुलतबहीण एनिड, जिचं निम्मं आयुष्य आपल्या कुंपणाला टेकून गेलं, तिने पलीकडून विचारलं की काय गं, कोण गेलं? मी सांगितलं की गेलं कुणी नाही, भाऊ येतोय.

अरे, पण येतोयस म्हणजे कसा? सहलीच्या जहाजात बसून! सकाळी गळ्यात पट्टा अडकवून उतरणार, बेट बघणार आणि चारच्या ठोक्याला परत जहाजावर. या बेटावर तू चड्डीशिवाय हिंडलास, आणि आता तुला कुणीतरी बोट दाखवून सांगणार की हा बघा हं समुद्र! मला तर गावात तोंड दाखवायची चोरी झाली आहे. पोस्टातली बाई विचारते की तुमच्या भावाला राहायला घर नाही का? मी काय सांगू तिला?

बरं, ते जाऊ दे. आईच्या कबरीवरच्या दगडाचं बोल. सिक्स रोड्सच्या गवंड्याने तो घडवून, नाव कोरून तयार ठेवलाय त्याला आता दोन वर्षं होतील. त्याच्या अंगणात पडलाय. कोंबड्या बसतात त्याच्यावर. मी जाते, कोंबड्या हाकलते, पुसते आणि परत येते. तिला मातीत ठेवून नऊ वर्षं झाली, कॅन्यूट. मातीला आलास तो शेवटचा. त्यानंतर दरवर्षी काहीतरी. एकदा तुझ्या गिरणीचा संप, एकदा छप्पर, एकदा गुडघा. एकुलता एक मुलगा दगडाला हात लावायला येईना, म्हणून आईचं निम्मं पाऊल इथे आणि निम्मं तिथे. मग ती उपाशी माणसासारखी ज्याच्या त्याच्या स्वप्नात जाऊन काही ना काही मागत बसते.

एनिडकडे तर तिचं येणंजाणंच आहे. मागच्या खेपेला मक्याच्या पिठाचा शिजवलेला कूकू मागितला आणि बजावलं की दगड उचलताना डोक्याकडे हात कॅन्यूटचा हवा. गवंड्याकडे आली. मास्तरांच्या विधवेकडे आली, जिच्याशी ती हयातभर बोलली नव्हती. तुझ्याकडे तिकडे बर्फातसुद्धा येऊन गेली, तूच लिहिलंस. माझ्याकडे? एकदाही नाही. चार वर्षं ती अंथरुणावर होती. उचललं मी, धुतलं मी, भरवलं मी. आणि नऊ वर्षांत माझ्याकडे एकदा डोकावलीसुद्धा नाही. मी तक्रार करत नाही. छे, तक्रारच करते आहे, का करू नये?

दगड बसला की ती निवांत होणार आणि मग कुणाकडेच येणार नाही, हे तुला मी सांगायला नको. म्हणजे माझ्याकडे यायचं असेल तर तिला आता थोडेच दिवस उरलेत. तरीही दगड बसवायचाच. माझ्या हौसेसाठी तिला असं दारात ताटकळत ठेवणं बरं नाही.

तेव्हा नीट ऐक. आदल्या संध्याकाळी दगड घरी आणून तिच्या पलंगावर ठेवते, पांढरी चादर घालते. ढोलवाल्यांना सांगते. आईसाठी वाढायच्या ताटातलं सगळं बिनमिठाचं वेगळं शिजवते. तू धक्क्यावर उतरलास की सरळ घरी यायचं. दगड बसवू, जेवू, दोन घटका आईजवळ उभे राहू. मग तुझ्या जहाजाने तुला कुठे न्यायचं तिथे नेऊ दे.

मर्लीनला आशीर्वाद. लोभ आहेच, जहाज सुटायच्या आत येऊन तो घेऊन जावास.

तुझी ताई,
थिओडोरा

*

हडर्सफील्ड, इंग्लंड
२२ जानेवारी १९९६

ती. थिओडोराताईस,
कॅन्यूटचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. टपालवाल्याने दारातून आत टाकलं तेव्हाच मला चटका बसला, तुझं अक्षर इतकं तापलेलं होतं. इथे गुडघाभर बर्फ आहे, त्यामुळे तेवढीच ऊब.

ताई, माझी बाजू ऐकून घे. ही सहल माझी नाही, मर्लीनची आहे. तीस वर्षं तिने इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुतल्या. निवृत्तीच्या दिवशीच घरी येऊन तिने सांगितलं की आता मला जहाजाच्या डेकवर बसायचंय आणि माझी चादर दुसऱ्या कुणीतरी बदलायची आहे. मी काय बोलणार? जहाज आपल्या बेटावर थांबतं हे मीच तिला हौसेने दाखवलं. तिथेच माझं चुकलं.

आता पुढचं ऐक आणि वाचता वाचता उभी असशील तर बस. तिने एका दिवसात बेट बघायच्या सहलीत दोघांची नावं घालून टाकली आहेत. गाडीतून सगळं बेट, विंडवर्डला होड्या बांधतात ते, मग जुन्या वस्तूंचं घर आणि शेवटी समुद्रात डुंबणं. मी म्हणालो की अगं, हे सगळं मी तुला फुकट दाखवेन. त्यावर ती म्हणते की लग्नाला इतकी वर्षं झाली, तू रोज रात्री विंडवर्डच्या होड्यांच्या गोष्टी सांगतोस आणि एकदाही नेलं नाहीस, आता नेशील तर ते तुझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात तूर सोलायला. ती जमैकाची आहे, ताई. तिला आपलं बेट तिच्या शाळेच्या पटांगणाएवढं वाटतं. एवढुसं बेट बघायला किती वेळ लागणार, असं वर मलाच विचारते. तुम्हा दोघींच्या मधे उभं राहण्यापेक्षा मी बर्फात झोपेन.

तर मी मधला मार्ग काढला आहे. सहल दोन वाजता संपते. दोन ते साडेतीन मी तुझा. डोक्याकडे हात माझाच लागेल, काळजी नको. गुडघ्याला पट्टी बांधून येतो.

आई परवाच येऊन गेली. अनवाणी बर्फात उभी राहून मला टोपीवरून बोलली. तुझ्याबद्दल काही म्हणाली नाही बुवा. एनिडला सांग तिला विचारायला, तिचं जाणंयेणं जास्त आहे.

राग आला असला तर पत्रात काढ, कूकूत नको. लोभ वाढत राहो, वजनासारखा.

तुझा,
कॅन्यूट

*

बोगल्स
६ फेब्रुवारी १९९६

चि. कॅन्यूट यास,
अ. आ. (हात आखडता घेऊन).

दीड तास! तुला जन्म द्यायला तिला दोन रात्री लागल्या होत्या, मी दाराबाहेर बसले होते म्हणून मला माहीत आहे. आणि तू तिला दीड तास देतोस. तोही समुद्रात डुंबून झाल्यावर, ओल्या चड्डीने!

आणि आईवरून माझी थट्टा करायची नाही. बाकी कशावरूनही कर. माझ्या पायांवरून कर, माझ्या स्वयंपाकावरून कर. यावरून नाही.

तुझ्या सहलीचं मी बघते. इथे तुमच्या जहाजाला गाडी कुणाची मिळणार? कथबर्टची. कथबर्ट कुणाचा? आपल्या सख्ख्या मावशीचा. परवा रविवारी कथबर्ट माझ्याकडे पोटभर जेवून गेला. बाकीचं तुझं तू समजून घे.

मर्लीनला सांग की सध्या गुरं मोकळी सोडण्याचे दिवस आहेत. शेतं रिकामी, दोर कुणालाच नाही, त्यामुळे मेंढ्या रस्त्यात, चर्चमध्ये आणि दुकानातसुद्धा हिंडतात. पिशवी सांभाळावी. जमैकाच्या पिशव्याही त्यांना चालतात.

लोभ आहे की नाही ते त्या दिवशी बघू.

थिओडोरा

*

जहाजावरून, ब्रिजटाउन, बार्बाडोस
२ मार्च १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज डोकं थोडं निवलंय म्हणून लिहितो. काल रात्री लिहिलं असतं तर तुझ्याशी नातं उरलं नसतं.

सुरुवात चांगली झाली, ते मान्य करतो. धक्क्यावर कथबर्ट मला ओळखतच नसल्यासारखा उभा होता आणि मला साहेब म्हणत होता. मर्लीनला मी काही सांगितलं नव्हतं. तो आधी विंडवर्डला घेऊन गेला. तिथे किनाऱ्यावर एका नव्या होडीचा सांगाडा उभा होता. ताई, मर्लीन त्या सांगाड्यात जाऊन उभी राहिली, एकेका लाकडावरून हात फिरवला आणि सुताराला इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्याचं काम थांबलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली की तू सांगायचास ते खरं होतं तर. तीस वर्षांत ती मला पहिल्यांदा असं म्हणाली. एका जर्मन बाईची गवती टोपी मेंढीने खाल्ली, तेव्हा तर सगळी गाडी जिवलग झाली.

पुढे समुद्राकडे वळायच्या जागी कथबर्टने गाडी चढावर घातली. लोकांनी विचारलं तर म्हणाला की आता खास स्थानिक कार्यक्रम. आणि अंगणात तू उभी! उन्हाने लाल झालेल्या त्या सगळ्या पाहुण्यांना बघून तू जराही दचकली नाहीस. उतरल्या उतरल्या एकेकाला कामाला लावलंस. कॅनडाच्या निवृत्त न्यायाधीशाने तुझ्या खुर्च्या वाहिल्या, ताई. जर्मन बाईच्या नवऱ्याने आपली ती रम पाण्यासारखी प्यायली आणि नंतर नीरफणसाच्या झाडाखालून तो उठलाच नाही. मी मनात म्हटलं, चला, जमलं. आईला आवडली असती अशी गर्दी.

मर्लीनला ऊन लागलं होतं आणि गाडीच्या गचक्यांनी ती पार थकली होती. कुठे पडू का म्हणून तिने विचारलं, कुणीतरी खोलीकडे हात केला. कुणी केला ते देव जाणे. ढोल तापवून झाले, मेणबत्त्या लागल्या, मी बाह्या वर सारल्या आणि आपण दार उघडलं. तर काय! पलंगावर चादरीखाली आईचा दगड आणि शेजारी माझी बायको. चपला काढून, दगडावर हात टाकून, घोरत. गवंडी इतका हसला की त्याला बाहेर न्यावं लागलं. एनिडने छातीवर क्रूस केला आणि म्हणाली की दगडाजवळ झोप लागलेल्याला हलवू नये. असला नियम मी जन्मात ऐकला नाही. मला वाटलं, आता तू आत घुसशील आणि तांब्याभर पाणी तिच्या तोंडावर मारशील.

पण तू दारात आडवी आलीस. सकाळपासून सगळ्यांना मेंढरांसारखं हाकणारी तू, दोन्ही हात चौकटीला लावून म्हणालीस की कुणीही आत जायचं नाही. मी म्हटलं की ताई, वेळ. तू म्हणालीस की होऊ दे. आणि उंबऱ्यावर बसलीस, आमच्याकडे पाठ करून. मी तुझ्या पाठीशी बोललो, चिडलो, गयावया केली. पाठ हलली नाही. ढोल निवाले. कूकूवर साय धरली. सहलीचे लोक घड्याळं बघायला लागले, तेव्हा कथबर्ट त्यांना धक्क्यावर सोडून आला. खाली जहाजाचा भोंगा झाला. तरी तू तशीच.

शेवटी मर्लीन आपली आपण उठली. कुणी तिला पाणीसुद्धा दिलं नव्हतं, तेवढ्यात तू तिचा हात धरून विचारलंस की कुणी आलं होतं का, थिओडोरासाठी काही सांगितलं का? ती बिचारी अर्धवट झोपेत. म्हणाली की कुणी नाही आलं, किती वाजले? तू तिचा हात सोडलास आणि मला म्हणालीस, उचल.

आणि मग आपण आईला घेऊन पळालो. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. मी डोक्याकडे, कथबर्ट पायाकडे, मागे ढोलवाले पळत पळत वाजवतायत, एनिडचं भजन धापेत अडकलंय. कबरीवर दगड ठेवला आणि मी टोपीसुद्धा काढली नाही, ताई. तेवढाही वेळ नव्हता. मासेमारीच्या होडीतून जहाज गाठलं, दोराच्या शिडीवरून सगळ्यांसमोर वर चढलो. कप्तानाने भोंग्यावर आमची नावं घेऊन आभार मानले.

वर्षानुवर्षं तू मला या एका गोष्टीसाठी टोचून खाल्लंस. आणि जो थोडा वेळ मिळाला होता तो तूच घालवलास. तुझ्या एका स्वप्नासाठी मला आईजवळ नीट उभं राहू दिलं नाहीस. मला राग आलाय आणि तो पत्राने जाणारा नाही.

नमस्कार आहेच, तो कधी चुकवला नाही.

कॅन्यूट

*

हडर्सफील्ड
१४ एप्रिल १९९६

ती. वन्संना,
मर्लीनचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. नाताळच्या कार्डावर ह्यांच्या नावाखाली सही करते तेवढीच. पण ह्यांच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही आणि इकडे रोज सकाळी टपालाची वेळ झाली की हे दारामागे जाऊन उभे राहतात आणि मला सांगतात की बूट शोधतोय. एका माणसाला इतके बूट नसतात. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

आधी माफी मागते. तुमच्या आईंशेजारी मी आडवी झाले. मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दगड कबरीवर असतात, पलंगावर नसतात. मला वाटलं उशा रचून ठेवल्यात. माझ्याबद्दल तुमचं आधीच फारसं बरं मत नव्हतं, त्यात ही भर.

जहाजावर ह्यांनी मला सगळं सांगितलं. तुम्ही कशाची वाट बघत होतात आणि मला कुणी उठवलं का नाही, तेही. ह्यांचा राग ब्रिजटाउनपर्यंत टिकला, घरी येईपर्यंत विरला. आता त्यांच्या मनाने घेतलंय की मी तुम्हाला लिहावं की आई स्वप्नात आल्या होत्या. झोपेच्या गुंगीत विसरले, आता आठवलं, असं. आई काय म्हणाल्या तेही त्यांनी कागदावर लिहून दिलंय, चांगलं गोड आहे. मी म्हटलं की मी हे लिहिणार नाही. तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

वन्सं, कुणी आलं नव्हतं. मी मेल्यासारखी झोपले होते. खोटं सांगून तुमचं समाधान केलं असतं, तर ते आयुष्यभर मला सांभाळत बसावं लागलं असतं. माझ्याच्याने ते होत नाही.

पण एक गोष्ट मी बघितली आहे, ती सांगते. मला स्वप्नातलं काही कळत नाही, अंथरुणातलं कळतं. तीस वर्षं तेच केलं. त्या गादीत दोन खळगे आहेत. एक मधोमध, खोल. दगड त्यातच बसला होता, म्हणून तर मी शेजारी पडले तरी तो हलला नाही. दुसरा दाराकडच्या कडेला आहे. अगदी अरुंद, एका अंगावर झोपणाऱ्या माणसाचा. आणि पायाकडे तो सरळ जात नाही, काठावरून खाली उतरतो. तिथली काठाची शिवण दबून दबून चपटी झाली आहे. म्हणजे तिथे जे कुणी झोपायचं, ते एक पाय जमिनीवर ठेवून झोपायचं. हाक आली की उठायला उशीर नको म्हणून.

मी त्या खळग्यात झोपले होते. चार वर्षं असं झोपलेल्या माणसाला आणखी कुठला निरोप हवाय, ते मला समजत नाही. मी जमैकाची, तुमच्या चालीरीती मला कळत नसतील. चुकलं असेल तर सोडून द्या.

ह्यांच्याकडेही आई आता येत नाहीत. जमलं तर दोन ओळी लिहा. मला नको, ह्यांनाच लिहा.

नमस्कार घ्यावा. लोभ मागायचा मला अजून हक्क नाही, म्हणून मागत नाही.

मर्लीन

*

बोगल्स
५ मे १९९६

चि. सौ. मर्लीन हिस,
थिओडोराचे अ. आ. वि. वि.

काय बाई आहेस तू! एवढंसं एक खोटं तुला बोलवलं नाही? नवऱ्याने आयतं लिहून दिलेलं, फक्त उतरवायचं होतं. मी लगेच विश्वास ठेवला असता. सगळ्या बोगल्सभर मिरवलं असतं. एनिडच्या नाकावर टिच्चून सांगितलं असतं. तुझं पत्र वाचून मला इतका संताप आला की मी ते घडी घालून मिठाच्या बरणीखाली ठेवलं आणि दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी खोलीत गेले आणि चादर ओढून काढली. ती गेल्यापासून त्या पलंगावर मी झोपले नव्हते, बाहेर बाकावर झोपते. पलंग तिच्यासाठी मोकळा ठेवला होता, आली तर बसायला. त्यामुळे गादीकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. आहेत, दोन खळगे आहेत. शिवणही चपटी आहे. मी तिथेच खाली बसले आणि मला इतकं रडू आलं की एनिड कुंपण सोडून घरात आली.

मर्लीन, ती काय काय सांगायची मला! पाणी दे. कूस बदल. खिडकी लाव. का लावलीस, उघड. दारात कोण आहे? कॅन्यूट आला का? पेजेत मीठ जास्त आहे. पेजेत मीठ नाही. तुझा बाप माझ्याशी कसा वागला ऐक. ते तर मी इतक्या वेळा ऐकलंय की माझंच लग्न त्याच्याशी झालं होतं असं वाटायला लागलं. रात्रभर चालायचं. डोक्यात आलेली एकही गोष्ट तिने स्वतःजवळ ठेवली नाही, सगळी माझ्या पदरात टाकली. मी वैतागून म्हणायचे की आई, आता पुरे कर, उद्यासाठी काहीतरी ठेव. तिने ठेवलं नाही. एनिडकडे ती कूकू मागायची, कारण एनिडने तिला जिवंतपणी चमचाभर कधी दिला नाही. माझ्याकडे मागायचं असं तिचं काही राहिलंच नव्हतं. मी उगाच नऊ वर्षं दार उघडं ठेवून बसले.

एनिड आता हिरमुसली आहे. दगड बसल्यापासून तिच्याकडेही फेरी नाही. परवा मला विचारत होती की हे असं कुणीच न येणं सहन कसं करायचं. मी म्हटलं, बस इथे, सांगते, मला सवय आहे.

कॅन्यूटला माझ्या वतीने सांग की त्याचा राग बरोबर आहे. त्याचा वेळ मी घेतला, आणि मला तो घ्यायला नको होता. त्याला वेगळं लिहीनच, पण तोवर त्या बूट शोधणाऱ्याला दारातून आत घे. आणि हेही सांग की पळत पळत बसवलेला दगड तिरका बसला आहे. समुद्राकडे कललाय. गवंडी सरळ करून देतो म्हणतो, मी हात लावू देत नाही. डोक्याकडे हात त्याचा होता, सरळही त्यानेच करावा. त्यासाठी जहाजातून येऊ नका. माणसांसारखे या आणि पाऊस सुरू होऊन गुरं परत बांधेपर्यंत राहा. तुला तूर सोलायला लावणार नाही. सोलशील आपली आपण.

आणखी एक सांगते, कॅन्यूटला सांगू नकोस, तो हसेल. काल मी त्या पलंगावर झोपले. म्हटलं, आता कोण हाक मारणार आहे, ऐसपैस झोपू. मधोमध पडले, दोन्ही पाय वर घेतले. झोप येईना. या कुशीवर, त्या कुशीवर, कोंबडा आरवायची वेळ होत आली. शेवटी वैतागून कडेला सरकले आणि एक पाय खाली जमिनीवर टेकवला. तेव्हा कुठे लागली.

तू हक्काने मागितला नाहीस, तरी लोभ पाठवते आहे. ठेवून घे.

तुझी वन्सं,
थिओडोरा